व्हर्नाने वर केलेला हात

व्हर्ना थेरिओ अकरा वर्षं सव्वीस मैलांवरच्या दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये जात होती. आमचे पाद्रीबाबा तिच्या आईच्या स्मरणाच्या प्रार्थनेत आईचंच नाव घ्यायला विसरले, एवढंच कारण. पाद्रीबाबांनी दोनदा माफी मागितली. ती गाडी काढून बर्फातून सव्वीस मैल जात राहिली. अकरा वर्षांनी पाद्रीबाबा वारले, आणि पुढच्याच रविवारी व्हर्ना आमच्या चर्चमध्ये तिच्या जुन्या बाकावर येऊन बसली, जणू काही मधे फक्त एक सर्दी होऊन गेली होती.

हे आधी सांगतो, कारण तिच्याशी वैर घेणं म्हणजे काय ते आमच्या टॉलमन फॉल्स गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ड्वाइट हॅस्केलला ठाऊक नव्हतं असं नाही. तो विसरला.

माझं नाव एमरी. अडतीस वर्षं मी या गावाचे केस कापतो आणि एकोणीस वर्षं मी गावसभेचा सभापती आहे. आमच्याकडे अमेरिकेतल्या मेन राज्यात लहान गावाला महापौर वगैरे नसतो. मार्चमधल्या एका शनिवारी सगळे मतदार शाळेच्या व्यायामशाळेत जमतात आणि रस्ता, शाळा, कुत्र्यांचे परवाने, घरपट्टी, सगळं हात वर करून ठरवतात. सभापतीने मत द्यायचं नाही आणि मत आहे असं दिसूही द्यायचं नाही. मी ते पाळलं. निदान व्यासपीठावर तरी पाळलं.

व्हर्ना कागद गिरणीत सत्तावीस वर्षं तयार ताव तपासायची. डोळ्यांपेक्षा बोटांनी जास्त. ढिगातून ताव सरसर उलटत जायची आणि मधेच थांबून एक बाहेर ओढायची. त्यात केसाएवढी सुरकुती असायची, जी मला चष्मा लावूनही दिसली नसती. तिचा भाऊ रोझेर तिथेच बॉयलरवर होता. दोघांची घरं पिकरेल तळ्याच्या काठी शेजारीशेजारी. त्यांच्या बापाने गिरणीच्या पगारातून, सुट्टीच्या दिवशी स्वतः हातोडा मारून बांधलेली. तेव्हा तळ्याकाठी राहणं हे गरिबीचं लक्षण होतं. डास आणि ओल.

गिरणीच्या मालकांनी एके वर्षी कळवलं, आमचा कर निम्मा करा, नाहीतर टाळं लावतो. गावच्या तिघांच्या निवडून आलेल्या मंडळाचा प्रमुख होता ड्वाइट हॅस्केल. धंदा जमीन आणि घरं विकायचा. दात पांढरेशुभ्र, हात कायम कुणाच्या तरी खांद्यावर. तो सभेत उभा राहून म्हणाला, "दोनशे दहा नोकऱ्या वाचवायच्यात की नाही, एवढाच प्रश्न आहे मंडळी." सगळ्यांनी हात वर केले. व्हर्नानेही केला.

दोन वर्षांनी, एका मंगळवारी, पहिल्या पाळीच्या लोकांना फाटकावरच चिठ्ठ्या मिळाल्या. यंत्रं सुटी करून ट्रकवर चढवली आणि कुठल्याशा दुसऱ्या देशात गेली. त्या दोन वर्षांत राज्यात आणखी तीन गिरण्या बसल्या होत्या, त्यामुळे राजधानीतून शाळेसाठी येणारा पैसाही आटला. गिरणीने जो कर भरला नाही तो कुणीतरी भरायलाच हवा होता. तो आमच्या घरांवर आला.

आणि नेमकं तेव्हाच बॉस्टनच्या लोकांना आमचं तळं दिसलं. एकाने काठावरची एक मोडकी झोपडी अशा किमतीला घेतली की ऐकून माझा वस्तरा थांबला. मग दुसऱ्याने घेतली, मग तिसऱ्याने. प्रत्येक विक्रीत ड्वाइटची दलाली, आणि प्रत्येक विक्रीनंतर शेजारच्या घराची सरकारी किंमत वर. ज्यांची नोकरी गेली त्यांच्या घरी पत्र यायचं की अभिनंदन, तुमचं घर आता तिप्पट मोलाचं आहे, त्याप्रमाणे घरपट्टी भरा. खिशात दमडी नाही आणि कागदावर जमीनदार. ड्वाइट म्हणायचा, "अरे तक्रार कसली करता, तुमची मालमत्ता वाढली." खायची होती का ती मालमत्ता, पाव लावून?

रोझेरला भरता आलं नाही. गावाच्या वार्षिक अहवालात शेवटच्या पानांवर थकबाकीदारांची नावं छापतात. तिथे त्याचं नाव दोन वर्षं छापून आलं आणि तिसऱ्या वर्षी घर गावाच्या मालकीचं झालं. ते विकायला गावाने बंद पाकिटातून बोल्या मागवल्या. एकच पाकीट आलं, ड्वाइटच्या मेहुण्याच्या कंपनीचं. रोझेरच्या जुन्या गाडीला जेवढे आले असते त्याहून थोडे जास्त पैसे. एका सकाळी घर पाडायचं यंत्र आलं आणि दुपारपर्यंत घर कचऱ्याच्या ट्रकात होतं. मोकळी जागा महिन्याभरात बॉस्टनच्या एका दंतवैद्याला नऊपट भावाने गेली. रोझेर पोराच्या अंगणात, दोन गावं पलीकडे, एका चाकांच्या घरात राहायला गेला.

व्हर्नाने ते सगळं तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. त्याच दुपारी ती माझ्या दुकानात आली. बायका माझ्याकडे येत नाहीत. खुर्चीत बसलेला म्हातारा फेसाने माखलेल्या तोंडाने बघत राहिला.

"एमरी," ती म्हणाली, "मी त्याला घरातनं बाहेर काढणार."

"कुणाला?"

"कुणाला ते तुला माहीत आहे. वेळ किती लागेल ते सांगता येत नाही. पण त्याचं सामान अंगणात आलेलं मी बघणार."

"तू आधी तुझं घर सांभाळ बाई."

"तेही सांभाळते," ती म्हणाली आणि गेली.

सांभाळणं सोपं नव्हतं. गिरणीत असताना वर्षाला चौदाशे डॉलर भरणारी बाई आता पाच हजार शंभर भरत होती, आणि तेही दुसऱ्यांची घरं झाडून. उन्हाळ्यात तळ्याकाठच्या बंगल्यांचे संडास घासायची. त्यातला एक बंगला रोझेरच्या जागेवरचा. हिवाळ्यात जिल्ह्याच्या गावी वकिलांची कचेरी साफ करायची. साठी उलटलेली. हाताची कातडी घासायच्या पावडरीने सोलून निघाली होती. पण पट्टी वेळेवर भरायची, एक दिवस उशीर नाही. त्या अहवालाच्या शेवटच्या पानांवर आपलं नाव आलं तर ड्वाइटला काय आनंद होईल, हे तिला ठाऊक होतं.

२०११ च्या हिवाळ्यात ड्वाइटने मोठा डाव मांडला. तळ्याच्या पूर्व काठावर त्याने बावीस प्लॉट पाडले होते. जायला होता कच्चा रस्ता. तो रस्ता गावाने ताब्यात घ्यावा, डांबरी करावा, सांडपाण्याची नळी तिथपर्यंत न्यावी, आणि त्यासाठी गावाने कर्ज काढावं, असा ठराव सभेपुढे येणार होता. कर्ज म्हणजे पुन्हा घरपट्टी. व्हर्नाने तिच्या परीने हिशोब केला आणि मला सांगितला: हा ठराव झाला तर माझी पट्टी सात हजारांवर जाते, आणि सात हजार म्हणजे मी संपले. बापाचं घर गेलं.

फेब्रुवारीभर ती दारोदार फिरली. टपाल कचेरीबाहेर उभी राहिली. ठरावाविरुद्धचा सगळ्यात मोठा आवाज तिचाच होता, गिरणीतली जुनी माणसं तिच्या तोंडाकडे बघून मत ठरवायची. पण मतं पुरणार नव्हती. बंगलेवाल्यांपैकी बऱ्याच जणांनी गेल्या दोन वर्षांत इथे मतदार म्हणून नाव नोंदवलं होतं. शिवाय रस्त्याचं, नळीचं काम मिळेल म्हणून बेकार पोरं ड्वाइटकडे झुकली होती. त्यांनाही दोष कसा द्यायचा? तेच आमिष आम्हीही एकदा गिळलं होतं.

सभेच्या चार दिवस आधी ड्वाइट केस कापायला आला. खुश होता.

"मागून जरा बारीक कर एमरी. शनिवारी बॉस्टनचा बिल्डर येतोय."

"सभेला?"

"सभेला कशाला? सभा उरकली की जिल्ह्याच्या गावी, वकिलाकडे, दीड वाजता सह्या. ठराव झाला की बावीस प्लॉट तयार करून द्यायची हमी माझी."

"आणि रस्ता झाला नाही तर?"

"होणार. मोजून ठेवलेत मी हात." आरशात माझ्याकडे बघून तो हसला. "सगळं लावलंय मी यात. दुकान, घर, सगळं. भित्रा माणूस मोठा होत नाही."

मी त्याच्या मानेवरचे केस झटकले. संध्याकाळी व्हर्नाला हे बोलून गेलो. बोलून गेलो म्हणतो खरा. तिच्या दारात गाडी थांबवून, उतरून, कॉफी पिऊन बोललो. सभापतीने असं करू नये. केलं.

व्हर्ना म्हणाली, "दीडचं मला माहीत होतं. शनिवारी दीडला माणसं यायचीत, शुक्रवारी रात्रीच मोठी खोली पुसून ठेव असं वकिलाने सांगितलंय. घर लावलंय ते माहीत नव्हतं." मग बराच वेळ ती कपावर बोट फिरवत राहिली, पूर्वी तावावर फिरवायची तसं. "फेरविचाराचा नियम अजून तोच आहे ना रे?"

"तोच आहे," मी म्हणालो.

नियम साधा आहे. एखादा ठराव झाला, तरी सभा संपेपर्यंत त्यावर पुन्हा मत मागता येतं. मात्र मागणारा जिंकलेल्या बाजूने मत दिलेला हवा. हरलेल्याला ती मुभा नाही. आणि एका ठरावाचा फेरविचार एकदाच. म्हणून आमच्याकडे शहाणा माणूस जिंकल्याबरोबर स्वतःच फेरविचार मागतो, आपल्या माणसांकडून तो तिथल्या तिथे पाडून घेतो, आणि दाराला कायमची कडी लागते. ड्वाइट हे दरवर्षी करायचा. मला त्याच्या तोंडचं वाक्य पाठ होतं.

शनिवारी व्यायामशाळा भरली. मागच्या भिंतीला लागून मतदार नसलेल्यांचा वेगळा बाक असतो. त्यावर एक वार्ताहर होता, शाळेचा हिशोबनीस होता आणि रोझेर होता. ज्या गावात जन्मला, ज्या गावाच्या बॉयलरपुढे एकतीस वर्षं भाजून निघाला, तिथे तो पाहुणा. टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. बहीण आज काय करते ते बघायला आला होता.

रस्त्याचा ठराव अकरा वाजता आला. ड्वाइट बोलला, नोकऱ्यांवर बोलला, पूर्वीसारखंच. मग मी विरोधात कुणाला बोलायचं आहे का विचारलं. सगळ्या माना व्हर्नाकडे वळल्या. ती पहिल्या रांगेत, माझ्या आणि नोंद करणाऱ्या बाईंच्या नाकासमोर बसली होती. ती बसूनच राहिली.

"बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत."

व्हर्नाने हात वर केला. कोपरात वाकवून नाही, पार ताठ, शाळकरी पोरीसारखा. नोंद करणाऱ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. खोलीतून एक कुजबुज गेली. गिरणीतला एक जण बऱ्यापैकी मोठ्याने म्हणाला, "विकली गेली वाटतं." दुसरा म्हणाला, "किती मिळाले गं व्हर्ना?" तिने मान वळवली नाही. विरोधाला हात मागितले तेव्हा अर्ध्या लोकांनी ते वर करायचे कष्टही घेतले नाहीत. एकशे चव्वेचाळीस विरुद्ध एकोणतीस.

रोझेर उठला, टोपी घातली आणि बाहेर निघून गेला. दार मागे आपटलं. व्हर्नाच्या मानेवरची शीर मला व्यासपीठावरून दिसत होती.

मी ड्वाइटकडे पाहिलं. पाहणं माझं कामच होतं. तो उठला, कोटाचं बटण लावलं, आणि मला वाटलं आता ते पाठ वाक्य येणार. तो व्हर्नाकडे आला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "शहाणपण आलं म्हणायचं, व्हर्ना." ती म्हणाली, "वय झालं रे ड्वाइट." ज्या घराला विरोधकच उरला नाही त्याला कडी कशाला, असं त्याला वाटलं असणार. शिवाय स्वयंपाकघरातून घेवड्याच्या उसळीचा वास यायला लागला होता, आणि त्याचा एक डोळा घड्याळावर होता. मी ओठ शिवून पुढचा ठराव वाचला.

बारा वाजता जेवण. भट्टीत रात्रभर शिजलेला घेवडा, डुकराचं मांस, काळा गोड पाव. मोठे ठराव जेवणाआधी संपवायचे ही आमची रीत. नंतर उरतं स्मशानातलं गवत कापायचं कंत्राट आणि कुत्र्यांचे परवाने. बंगलेवाल्यांना आमच्या स्मशानाशी काय देणंघेणं? पानं वाढेपर्यंत त्यांच्या गाड्या निघाल्या. पोरंही पांगली. ड्वाइटने दोन घास उभ्यानेच खाल्ले आणि तो गेला.

व्हर्ना मात्र पातेलं घेऊन गिरणीवाल्यांच्या टेबलांमधून फिरत होती. लोक तिच्याकडे बघत नव्हते.

"बसून राहा," ती प्रत्येकाला म्हणायची. "गाडीत घरी भाजलेले अठरा ॲपल पाय आहेत. शेवटच्या ठरावानंतर कापते."

"ड्वाइटच्या पैशाचे का?"

"बस म्हटलं ना. मग काय शिव्या द्यायच्यात त्या दे."

बसले. शिव्या द्यायला का होईना, बसले. त्या हिवाळ्यात फुकटचा ॲपल पाय सोडून जाईल असा माणूस गिरणीवाल्यांत नव्हता.

स्मशानाच्या गवतावर चर्चा सुरू झाली. यंत्र कुणाचं, तेल कुणाचं. मी ती चालू दिली. नेहमी अशा वेळी मी हातोडी आपटतो, त्या दिवशी प्रत्येकाला पुरेसं बोलू दिलं. दोन वाजायला दहा मिनिटं कमी असताना व्हर्ना उभी राहिली.

"सभापती, रस्त्याच्या ठरावावर फेरविचार मागते."

मी विचारायचं ते विचारलं. "आपण कोणत्या बाजूने मत दिलं होतं?"

"जिंकलेल्या. तुम्ही पाहिलंय. बाईंनीही पाहिलंय."

आधी कुणाला कळलंच नाही. मग "किती मिळाले" विचारणारा तो माणूस तोंडावर हात ठेवून हसायला लागला. थांबेचना. त्याच्या शेजारच्याने टेबलावर मूठ आपटली. ड्वाइटच्या मंडळातले दोघे कोपऱ्यात फोन काढून बसले होते, त्यांच्यातला एक ओरडला की हे बेकायदा आहे. मी नियमाचं पुस्तक उघडून पान वाचून दाखवलं. पानात खूण आधीच घातलेली होती. हात मोजले. रस्त्याच्या विरोधात एकसष्ट, बाजूने अकरा. ठराव पडला.

ॲपल पाय कापले जात असताना ड्वाइट आला. कोटाची बटणं उघडी, बुटांना चिखल. सह्या होऊन गेल्या होत्या. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं.

"एमरी, पुन्हा घे मत. माणसं बोलावतो मी. अर्ध्या तासात बोलावतो."

"एका ठरावाचा फेरविचार एकदाच, ड्वाइट. तुला पाठ आहे."

मग तो तिच्याकडे वळला. "तुला कळतंय का तू काय केलंस? हमी दिलीय मी. घर जाईल माझं."

व्हर्ना सुरी पुसत होती. "माझं वाचलं," ती म्हणाली. "ॲपल पाय खाणार?"

संध्याकाळी ती रोझेरकडे गेली. त्याने दार उघडायला बराच वेळ लावला असं तिने नंतर सांगितलं. आत गेल्यावर काय झालं ते सांगितलं नाही.

बिल्डरने ड्वाइटला कोर्टात खेचलं. दीड वर्ष ड्वाइट गावभर सांगत फिरला की एका सूडाने पेटलेल्या बाईने गावाचं भविष्य मारलं, नोकऱ्या मारल्या. त्यात थोडं खरंही आहे. काही पोरांना ते काम मिळालं असतं, आणि त्यातला एक माझा पुतण्या आहे. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही. पूर्व काठ तसाच पडून राहिला, तळ्याचे भाव खाली आले, आणि व्हर्नाची पट्टी साडेतीन हजारांवर आली. रोझेरचं घर काही परत उभं राहिलं नाही. मी एकदा तिला विचारलं, समाधान झालं का? म्हणाली, "अजून सामान कुठे निघालंय."

ते ऑक्टोबरात निघालं. ड्वाइटचं मोठं पांढरं घर बँकेने विकलं, आणि सामान न्यायला दोन ट्रक आले. मी दुकान बंद करून गेलो, खोटं कशाला बोलू. व्हर्ना माझ्या आधी पोचली होती. समोरच्या पदपथावर घडीची खुर्ची टाकून, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन, थर्मासमधली कॉफी पीत बसली होती. सोफा गेला, पलंग गेला, भिंतीवरचं हरणाचं डोकं गेलं. ती सगळ्याकडे सारख्याच लक्षाने बघत होती. ड्वाइटची बायको गाडीत बसून रडत होती आणि व्हर्नाने तिच्याकडेही पाहिलं. मला वाटलं आता उठेल. ती उठली नाही.

दुपारी ड्वाइट रस्ता ओलांडून आला. दाढी वाढलेली. "आता तरी घरी जा, व्हर्ना," तो म्हणाला.

"जाईन की," ती म्हणाली. "मला आहे घर." आणि थर्मासमधून आणखी थोडी कॉफी ओतून घेतली.